ढब्बूने अजून चालायचं नाही

"मी घरी नसताना ढब्बूला चालू द्यायचं नाही," सोमवारी सकाळी दारात बूट घालता घालता बाबांनी हुकूम सोडला.

आई डब्याचं झाकण लावत होती. तिचा हात थांबला. "चालू द्यायचं नाही म्हणजे काय?"

"म्हणजे चालू द्यायचं नाही. तो आज-उद्यात पहिलं पाऊल टाकणार. उभा राहिला की खाली बसवायचं. मी सातला येतो. मग चालू दे काय चालायचं ते."

"अरे, पोर आहे की दुकानाचं शटर?" आजी म्हणाली. "आणि आज-उद्यातच चालणार हे तुला कुणी सांगितलं?"

"बापाला कळतं," बाबा म्हणाले, आणि जरा घाईनेच जिना उतरले.

ज्याच्यावर ही बंदी आली होती तो ढब्बू टीपॉयला धरून उभा होता आणि टीपॉयची कड चाटून बघत होता. वर्षाचा व्हायला त्याला थोडेच दिवस बाकी होते. अंग असं गुबगुबीत की मनगट कुठे संपतं आणि हात कुठे सुरू होतो याबद्दल घरात मतभेद होते.

बाबांना फोटोंचं वेड होतं, असं म्हणणं म्हणजे माशाला पाण्याची आवड आहे असं म्हणण्यासारखं आहे. ते चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचे डोळे तपासत. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, पण अक्षरं लोक अंदाजाने ओळखतात अशी त्यांची तक्रार होती. म्हणून तक्त्यावर ते आपल्या मुलांचे फोटो टाचून ठेवत. "वरच्या ओळीत कोण दिसतंय?" "तुमची मुलगी." "तिच्या नाकाला काय लागलंय?" "भात." "छान. आता डावा डोळा झाका." ज्याला भात दिसत नसे त्याला जाड भिंगाचा चष्मा मिळे. नंबर मात्र अचूक येत, त्यामुळे मालकांनी कधी हरकत घेतली नाही.

फोनवर फोटो काढणं बाबांना मंजूर नव्हतं. "ते फोटो नव्हेत, पुरावे असतात," असं ते म्हणत. त्यांच्या गळ्यात खराखुरा कॅमेरा असे. त्या कॅमेऱ्याने मुलांचा पहिला दात टिपला होता, पहिला ताप टिपला होता, पहिल्यांदा कापलेले केस टिपले होते. फक्त एक गोष्ट हुकली होती. ताईने, म्हणजे ढब्बूच्या मोठ्या बहिणीने, पहिलं पाऊल टाकलं तेव्हा बाबा दुकानात कुणाच्या तरी उजव्या डोळ्यात डोकावत होते. नंतर त्यांनी ताईला दिवसभर चालवलं आणि फोटोंचा ढीग काढला. पण ती सगळी नंतरची पावलं. ताई आता पहिलीत गेली होती, तरी तो सल काही गेला नव्हता. ढब्बूच्या बाबतीत ते ही चूक होऊ देणार नव्हते.

त्याच दुपारी आई भांडी पुसत असताना ढब्बूने टीपॉय सोडला आणि सरळ फ्रिजपर्यंत चालत गेला. मध्ये कुठे थांबला नाही, धडपडला नाही. फ्रिजच्या दारावर त्याने दोन थापा मारल्या, जणू आत कुणी ओळखीचं राहत होतं.

आईला आधी हर्षवायू झाला आणि पाठोपाठ सकाळचा हुकूम आठवला. तिने धावत जाऊन ढब्बूला खाली बसवलं. "बस रे राजा, बस. सातपर्यंत बस." मग तिने इकडेतिकडे पाहिलं. शाळेतून नुकतीच आलेली ताई दारात उभी होती.

"आई, ढब्बू चालला."

"चालला नाही. घसरला."

"उभ्याने?"

आईने बिस्किटांचा डबा काढला. "हे बघ, बाबांना सांगायचं नाही. आजीलासुद्धा नाही. तिच्या पोटात काही राहत नाही."

मंगळवारी आई आंघोळीला गेली असताना ढब्बू आजीपर्यंत चालत गेला. हातात आजीचीच एक चप्पल होती, ती त्याने अदबीने तिच्या मांडीवर ठेवली. आजीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग तिला वाटलं, पहिलं पाऊल आईने बघायचं सोडून आपण बघितलं, सूनबाईला काय वाटेल? आणि लेक तर घर डोक्यावर घेईल. तिने ढब्बूला हळूच खाली बसवलं आणि कोपऱ्यात चित्र रंगवत बसलेल्या ताईकडे पाहिलं.

"तू काही बघितलंस का गं?"

"तू काय देणार त्यावर आहे," ताई म्हणाली. दोन दिवसांत ती बरीच जाणती झाली होती.

अशा रीतीने एकाच घरात दोन बायका एकच गुपित एकमेकींपासून जिवापाड जपू लागल्या. दोघींची युक्तीही एकच होती. बाबा आले की ढब्बूने आधी खाली बसायचं, बाबांनी कॅमेरा नीट लावला की मग उठून चालायचं, म्हणजे तेच पहिलं पाऊल ठरेल. आई ही तालीम स्वयंपाकघरात घेई आणि आजी देवघरापाशी. कॅमेऱ्याऐवजी गळ्यात डबा अडकवून बाबा झालेली आई दारातून आत येई, ढब्बू बसे, मग त्याला खाऊ मिळे. आजी त्यासाठी पावडरचा डबा वापरे.

पहिला धडा ढब्बू चटकन शिकला. दुसरा धडा त्याने ऐच्छिक मानला.

संध्याकाळी सात वाजता बेल वाजली की दिवसभर घरभर हुंदडणारा ढब्बू बदकन बसायचा. बाबा हॉलमध्ये पालथे पडून कॅमेरा रोखायचे. "ये राजा, ये. बाबाकडे ये." ढब्बू सगळे दात दाखवून हसायचा. दात चारच होते, पण हातचं राखून काही नाही. आजी टाळ्या वाजवायची, आई खुळखुळा हलवायची, ताई पलंगावर बसून बिस्किट खायची. ढब्बू जागचा हलत नसे. आठवडा संपता संपता बाबांकडे बसलेल्या ढब्बूचे सगळ्या बाजूंनी फोटो जमले.

त्यातच गुरुवारी शेजारच्या काकू जिन्यात बाबांना भेटल्या. "काय पळतो हो तुमचा ढब्बू. काल आमच्या घरात शिरला, तो थेट बाल्कनीत."

"आमचा? तो तर अजून एक पाऊलही टाकत नाही."

आईने दारातूनच सावरून घेतलं. "काकू, तो वरच्या मजल्यावरचा असेल. तोही असाच गोल आहे."

काकू चष्मा पुसत गेल्या. दुसऱ्याच दिवशी त्या बाबांच्या दुकानात नंबर तपासायला आल्या.

बाबांचं मात्र कामात लक्ष लागेना. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की ते विचारत, "तुम्ही कितव्या महिन्यात चाललात?" एका निवृत्त मास्तरांना त्यांनी दोन्ही डोळ्यांना दोन वेगळ्या माणसांचे नंबर दिले. घरी जेवणावरून त्यांचं मन उडालं. रात्री ढब्बूचे पाय चाचपत ते म्हणाले, "ह्याच्या पायांत काहीतरी आहे. उद्या डॉक्टरांना दाखवू."

"काही नाही हो झालेलं. मुलं आपापल्या वेळेला चालतात," आई म्हणाली.

"डॉक्टर कशाला? तेलाने चोळते मी," आजी म्हणाली.

पण खरं सांगितल्याशिवाय त्यांना अडवणार कसं? दोघी मूग गिळून बसल्या, आणि शनिवारी अख्खं घर दवाखान्यात हजर झालं. बाबांच्या गळ्यात कॅमेरा होताच. न जाणो, तिथेच पाऊल पडलं तर?

डॉक्टरबाईंनी ढब्बूचे गुडघे वाकवून पाहिले, तळव्यांना गुदगुल्या केल्या. "पाय उत्तम आहेत. जरा उभा करा बघू."

आईने उभा केला. ढब्बूने बाबांकडे पाहिलं आणि बदकन बसला.

"बाबा, तुम्ही जरा बाहेर थांबा."

बाबा बाहेर गेले. ढब्बू उठला, टेबलाला वळसा घालून गेला आणि डॉक्टरबाईंच्या खुर्चीचं चाक हलवून पाहू लागला. डॉक्टरबाईंनी दार उघडलं. "या आत." ढब्बू बदकन बसला. डॉक्टरबाईंनी बाबांना पुन्हा बाहेर काढलं. ढब्बू उठला. पुन्हा आत बोलावलं. बसला. बाहेरच्या रांगेतल्या लोकांना वाटलं, बाबांवरच काहीतरी उपचार चालले आहेत.

"इतकी वर्षं मुलं बघतेय," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण बापाला बघून बसणारं पहिल्यांदाच बघितलं. काय करता तुम्ही त्याला?"

"मी कुठे काय करतो?" बाबा रडवेले झाले. "मी नसतो तेव्हा तो चालतो? खरंच चालतो?"

आईला राहवेना. तिने सगळं सांगून टाकलं. "सोमवारी चालला तो. फ्रिजपर्यंत. तुमचा फोटो हुकला म्हणून मीच त्याला बसायला शिकवलं."

"अगं बाई, सोमवारी?" आजी म्हणाली. "आणि मी मंगळवारपासून तुझं मन राखायचं म्हणून गप्प बसलेय." नातवाचं पहिलं पाऊल आपल्या वाट्याला आलं नव्हतं हे कळून ती जरा हिरमुसली.

"पण चार-पाच दिवसांत इतकी पक्की सवय?" डॉक्टरबाईंना पटेना.

ताई तपासणीच्या पलंगावर पाय हलवत बसली होती. "सोमवारी नाही काही. रविवारी," ती म्हणाली.

"काय रविवारी?"

"ढब्बू रविवारी चालला. बाथरूमच्या दारापासून बाबांकडे. बाबा म्हणाले, बस, बस, खाली बस, बॅटरी चार्जिंगला आहे. आणि त्याला बसवलं. परत उठला, परत बसवलं. मला आइस्क्रीम दिलं." मग तिने न्यायाने पुढे सांगितलं, "आई आणि आजी नुसतं बिस्किट देतात."

आई बाबांकडे बघत राहिली. आजीने तोंडाला पदर लावला, पण तो हसू लपवायला होता की काय ते कळेना.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," आई म्हणाली. "माहीत असून तुम्ही मला आठवडाभर खुळखुळा हलवायला लावलंत."

"मला वाटलं, फोटो निघाला की तेच पहिलं धरू," बाबा हळू आवाजात म्हणाले. "ताईच्या वेळी मी दुकानात होतो. ह्याच्या वेळी मी समोर होतो गं. हात पसरून येत होता तो माझ्याकडे. आणि मी बॅटरी शोधत होतो. मी बघितलंच नाही नीट." माणूस वेडा होता, पण त्याला वाईट खरोखर वाटत होतं.

डॉक्टरबाईंनी हात पुढे केला. "कॅमेरा द्या इकडे." त्यांनी तो खिडकीजवळच्या बुटक्या स्टुलावर ठेवला. "आता खाली बसा. नुसते बसा."

बाबा फरशीवर मांडी घालून बसले. रिकाम्या गळ्याने ते चष्मा काढलेल्या माणसासारखे दिसत होते. ढब्बूने त्यांना निरखून पाहिलं. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग दोन्ही हात टेकून तो उठला आणि निघाला. एक पाय डुगडुगला, पोट आधी पुढे आलं, बाकीचा ढब्बू मागून आला. बाबा बघत होते. आठवडाभरात त्यांनी पहिल्यांदा काचेशिवाय काही पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि त्यांनी हात पसरले.

ढब्बू त्या हातांपर्यंत आला, त्यांना वळसा घातला आणि सरळ पुढे गेला. स्टुलापाशी पोचला, कॅमेऱ्याकडे तोंड करून बदकन बसला आणि चारही दात दाखवून हसला. त्याच्या मते फोटोची वेळ झाली होती.

बाबा कितीतरी वेळ तसेच हात पसरून बसले होते. मग आईला हसू आलं, आजीला आलं, डॉक्टरबाईंना तर ठसका लागला. शेवटी बाबाही हसू लागले, आणि ढब्बूचं मन मोडू नये म्हणून त्यांनी उठून तो फोटो काढला.

आता तो फोटो हॉलमध्ये आहे. खाली बाबांच्या अक्षरात लिहिलंय, 'ढब्बूचं पहिलं पाऊल'. घरी येणारा प्रत्येक पाहुणा तो बघून गोंधळतो.

"पण हा तर बसलाय."

"बसलाय खरा," बाबा सांगतात. "पण तिथपर्यंत चालत गेला. मी बघितलंय."