गोल दगडांची टेकडी

एका जंगलात सगळ्यांची पोटं भरलेली होती. मुलांनो, गोष्ट बिघडायला सुरुवात झाली ती इथेच. भुकेलेला प्राणी उद्याच्या जेवणाचा विचार करतो. पोट भरलेला प्राणी पूर्वजांचा विचार करतो.

त्या दिवशी दसरा होता. या जंगलात दसऱ्याला सीमोल्लंघन करत. म्हणजे सगळे मिळून हद्दीवरच्या ओढ्यापर्यंत जात, एकेक पाय पाण्यात बुडवत, "गार आहे, गार आहे" म्हणत आणि परत येत. एवढंच.

ओढ्यापलीकडे एक टेकडी होती. तिच्यावर खवलीकाकू राहत. काकू म्हणजे खवल्या मांजर. मांजर नव्हे बरं का, उगाच म्याँव म्याँव करू नका. अंगभर खवले, हातभर जीभ आणि शेपटीवर बसलेलं एक पिल्लू. आपट्याचं झाड त्यांच्याच बिळाच्या तोंडाशी होतं. दर दसऱ्याला त्या पानं घेऊन काठावर येत. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," म्हणत आणि प्रत्येकाला पान देत.

एरवीही जंगलाचं काकूंवाचून अडायचं. कुणाच्या झाडाला वाळवी लागली की हाक जायची, "अहो काकू, जरा येता का?" काकू यायच्या. वाळवी चाटून पुसून संपवायच्या आणि पिल्लाला घेऊन घरी जायच्या. तोंड गोड करायला कुणी थांबवलं तर म्हणायच्या, "नको हो, पोट भरलं."

तर त्या दसऱ्याला सगळे मोठ्या ऐनाच्या झाडाखाली जमले होते. जंगलाचे प्रमुख होते रणशिंगराव गवा. त्यांनी घसा खाकरला.

"आपल्या पूर्वजांनी हद्दी वाढवल्या. ओसाड मुलूख वसवला. त्यातला कुठला काळ तुम्हाला स्वतः जगायला आवडेल?"

"पहिला!" ससा ओरडला. "नदी ओलांडून आपण इथे आलो, तो!"

"त्या काळात तुझ्या पणजोबांना पहिल्याच संध्याकाळी खाल्लं होतं," कासव म्हणालं.

"पण काय संध्याकाळ असेल ती!" ससा म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले.

मग सगळ्यांनाच पहिला काळ हवा झाला. मोराला वाटलं, त्या काळात आपला पिसारा अधिक शोभला असता. डुकराला वाटलं, त्या काळात चिखल अस्सल असणार.

"मग नुसतं बोलता काय? जगूनच बघू!" रणशिंगराव म्हणाले.

आता अडचण आली. पहिल्या काळासाठी ओसाड मुलूख लागतो. इथे तर झुडपागणिक कुणीतरी पाय पसरून बसलेलं. तेव्हा झुंबर कोल्हा पुढे आला. हा जंगलाचा शाहीर. पूर्वजांचा पोवाडा त्याला मुखोद्गत होता.

"ओढ्यापलीकडची टेकडी आहे ना," तो म्हणाला.

"तिथे काकू राहतात," कासव म्हणालं.

"आत्ता राहतात," कोल्हा म्हणाला. "आपण आत्ताच्या काळात कुठे जातोय?"

यावर कासवाला उत्तर सुचेना. तुम्हाला सुचतंय का? नाही ना? मग कासवाला हसू नका.

सगळे निघाले. खरी नदी लांब होती आणि जेवणं जड झाली होती, म्हणून ओढ्यालाच नदी मानायचं ठरलं. पण ओढ्यात पाणी गुडघाभर. चार ढांगांत महापूर ओलांडून झाला. रणशिंगरावांनी सगळ्यांना परत बोलावलं आणि पुन्हा, हाल सोसत, ओलांडायला लावलं. पोवाड्यात एक वीर बुडाला होता. ते काम कासवाकडे आलं. बिचाऱ्याने मनापासून प्रयत्न केला, पण त्याला पोहता येत होतं. शेवटी त्याला बुडालेला मानून सगळ्यांनी दोन मिनिटं शोक केला. तेही शोकात सामील झालं.

पलीकडे काकू पानं घेऊन उभ्या होत्या. एवढी मंडळी दारात आलेली पाहून त्यांना कोण आनंद झाला!

"अगबाई, सगळेच आलात! या, या. सोनं घ्या, सोन्यासारखं..."

कुणी पान घेतलं नाही. सगळे काकूंच्या डोक्यावरून लांब कुठेतरी बघत होते.

कोल्हा हळूच त्यांच्या कानाशी लागला. "काकू, तुम्ही नाही आहात."

"कुठे नाही?"

"इथे. आज पहिला काळ आहे. त्या काळात इथे कुणीच नव्हतं. पोवाड्यात स्पष्ट आहे, 'प्राणी ना पाखरू, सुनी सारी रानं, नुसते गोल दगड, पडले मानानं.'"

"गोल दगड?" काकूंनी विचारलं. "केवढाले?"

"असतील भोपळ्याएवढे."

"हात लावला की गार?"

"नाही, ऊबदार. उन्हाने तापले असतील. आपल्या पूर्वजांनी ते लोटत लोटत ओढ्यात ढकलले आणि तिथे हद्द ठरली. केवढं काम केलंय, काकू!"

काकूंनी पानं खाली ठेवली. मग म्हणाल्या, "अहो, ते दगड नव्हते. माझी पणजी होती ती. आणि तिच्या बहिणी. आम्ही घाबरलो की अंगाचं मुटकुळं करतो. ओढ्यात लोटलं, त्यातल्या ज्या जगल्या त्या या काठाला निघाल्या. म्हणून तर आम्ही टेकडीवर राहतो."

क्षणभर सगळे अवघडले. मला तर वाटलं होतं, आता रणशिंगराव मान खाली घालतील. पण कोल्ह्याने कान पाडले आणि दुखावल्या आवाजात म्हणाला, "काकू, निदान सणाच्या दिवशी तरी पूर्वजांबद्दल असं बोलू नये."

सगळ्यांना एकदम बरं वाटलं. आता काकूंवर रागावता येत होतं.

रणशिंगरावांनी शिंगं रोखली आणि डरकाळी फोडली. गव्याला डरकाळी येत नाही, पण काळच तसा होता. लांडग्यांनी बिळाच्या तोंडावर तंगडी वर करून हद्दीची खूण केली. काकूंनी पिल्लाला पोटाशी ओढलं. फार घाबरल्या हो त्या. आणि घाबरल्यावर त्यांच्या कुळात जे करतात तेच त्यांनी केलं.

"दगड!" कोल्हा नाचायला लागला. "गोल दगड! पोवाडा खरा ठरला!"

सगळ्यांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. त्यांनी जयघोष करत दगड उतारावरून लोटला. तो गडगडत गेला आणि ओढ्यात पडला. संध्याकाळी घरी जाताना सगळे त्याच्यावर पाय देऊन अलीकडे आले. सशाला पायाखाली काहीतरी धडधडल्यासारखं वाटलं. पण सगळे खुशीत होते, उगाच कशाला मोडता घालायचा?

काठ सामसूम झाल्यावर दगड उलगडला. काकू ओल्या पिल्लाला शेपटीवर घेऊन ओढ्याच्या कडेकडेने निघून गेल्या. कुठे गेल्या ते मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तरी मी या मंडळींना सांगितलं नसतं.

हिवाळ्यात ऐनाला वाळवी लागली. काठावरून हाका झाल्या, "अहो काकू, जरा येता का?" कुणी ओ दिली नाही. "बरोबरच आहे," कोल्हा म्हणाला. "तिथे कुणी नव्हतंच." उन्हाळ्यात ऐन आडवा झाला. मग एकेक करत बाकीची झाडं.

पुढच्या दसऱ्याला सगळे उघड्यावर उन्हात बसले. रणशिंगरावांनी सवयीने विचारलं, "यंदा कुठला काळ जगायला आवडेल?"

ससा पुटपुटला, "मागच्या दसऱ्याच्या आदल्या दिवसाचा."

रणशिंगरावांना रागवायचं होतं, पण ऊन फार होतं. बाजूला एक गोल दगड होता. ते त्याच्यावर बसले आणि चटका बसल्यासारखे उठले. दगड ऊबदार होता. एवढा मोठा गवा गुडघे टेकून खाली वाकला आणि हळूच म्हणाला, "काकू?"

तो दगडच होता. उन्हाने तापला होता.

तेव्हापासून त्या जंगलात दसऱ्याला प्रत्येक गोल दगडाला सोनं वाहतात. त्याच्यावर पाय पडला तर नमस्कार करतात. पोवाड्यात तसं एक नवं कडवंही घातलंय, ते कोल्हा सगळ्यांत मोठ्याने गातो. आपट्याची पानं मात्र टेकडीवरून आणावी लागतात. तिथे आता रणशिंगरावांचे पुतणे राहतात.

तात्पर्य: मुलांनो, इतिहास कधीही विसरू नका. नीट पाठ केल्याशिवाय तीच चूक इतकी हुबेहूब करता येत नाही.