मैंदर्गीकरांनी गरुडछाप जुना फोन सर केला त्याची हकीकत

श्रीबिरोबा प्रसन्न. मौजे मैंदर्गी, तालुका अक्कलकोट, येथील घोंगडीवाले घराण्याने सोलापूर शहरी नवी पेठेत जाऊन, दुसऱ्याने वापरलेला, वयाने उतरलेला, परंतु मूळचा उंची जातीचा गरुडछाप फोन कैसा हस्तगत केला, त्याची हकीकत येणेप्रमाणे. आम्ही मोहिमेत जातीने हजर नव्हतो. परंतु जे हजर होते त्यांनी गावी येऊन इतके वेळा सांगितले, की न जाताच आमचे पाय दुखू लागले. सबब लिहिणे प्राप्त जाहले.

त्या समयी घराण्याच्या धनीण मातुश्री मल्लव्वा. काळ्या मेंढीची लोकर निवडावी, पिंजावी, स्वहस्ते सूत कातावे आणि मग ते शेजारच्या सनगरांच्या मागावर घालून घोंगडी करवावी, हा त्यांचा परंपरेचा उद्योग. पुत्र राजश्री शिवपुत्र, अक्कलकोटी खतांच्या दुकानी चाकरीस. स्नुषा सौभाग्यवती पूनमबाई महाहुशार. त्यांनी घोंगड्यांची छायाचित्रे इंटरनेटच्या मुलखात मांडून घरबसल्या विक्रीची तजवीज काढिली, आणि घोंगड्या कुरिअरावर स्वार होऊन थेट पुण्यापावेतो दौड करू लागल्या.

परंतु घरचा फोन हलक्या जातीचा. त्याच्या कॅमेऱ्यास काळा रंग म्हणजे निव्वळ अंधार. घोंगडी समोर धरावी आणि छायाचित्रात चौकोनी विहीर उमटावी, ऐसा प्रकार. पुण्याच्या सृष्टीबाई म्हणून एक गिऱ्हाईक, त्यांनी ती विहीर पाहून घोंगडी मागविली, आणि माल पोहोचताच उलट खलिता धाडिला, की फोटोत काळीभोर, हातात आली तो तपकिरी झाक. रंगविलेला माल खपविता, सबब परत घ्यावा.

पूनमबाईंनी मजकूर वाचून दाखविला. मल्लव्वांनी हातातील लोकरीचा पुंजका उन्हात धरून पाहिला. मग म्हणाल्या, "रंग? माज्या लोकरीला रंग? अगं, जित्या मेंढराचा रंग हाय त्यो. उन्हानं शेंडा तांबूस व्हतोच की!"

"मला ठाव हाय, अत्ती. त्यांला कसं कळावं?" पूनमबाई सासूबाईंस म्हणाल्या.

"मग कुणाला इकूच नगंस," ऐसा हुकूम करून मातुश्रींनी सूत कातायची चाती कोनाड्यात ठेविली, आणि दुसरे दिवशी हात लाविला नाही, तिसरे दिवशीही नाही. सनगरांचा माग रिकामा राहिला. चुलीशी बसून म्हातारी हातातल्या हातात नुसती बोटे फिरवी, जणू सूत चालूच आहे. ते पाहून पूनमबाईंनी चांगल्या कॅमेऱ्याचा फोन आणण्याची प्रतिज्ञा केली.

मग खलबत बैसले. राजश्री शिवपुत्रांचे मत पडले, की नवा फोन घ्यावा; डब्यात बंद, मेगापिक्सलांची पलटण अफाट, वर कव्हर फुकट. पूनमबाईंचे मत पडले, की त्याच ऐवजात उंची जातीचा जुना मिळतो, तो घ्यावा. खानदानी वस्तू उतरली तरी किती उतरेल? तेव्हा निवाड्यासाठी यूट्यूबनिवासी पंडितांस पाचारण केले. एक पंडित गर्जले, की जुना घेणे मूर्खपणा. दुसरे गर्जले, की नवा घेणे त्याहून मूर्खपणा. तिसऱ्यांनी दोन्ही फोन पाण्यात बुडविले, आणि अखेरीस 'ज्याची त्याची गरज' म्हणोन लाइक मागून निघून गेले. उभयता होते तेथेच राहिले.

अखेर पूनमबाईंनी पेटीतली सर्वांत काळी घोंगडी काढून खांद्यावर टाकिली आणि म्हणाल्या, "हिलाच नेऊ. जो हिचा खरा फोटू काढील, त्यो आपला." हे शिवपुत्रांसही पटले. रविवारी सकाळी बिरोबास नारळ देऊन उभयतांनी एसटीने कूच केले.

वळसंगाजवळ शेजारच्या बाकावरील एका पागोटेवाल्या बुजुर्गांनी, कोणी न विचारिता, सल्ला दिला. "जुना फोन म्हंजी म्हातारा बैल, बाई. वैरण लई आन् चाल थोडी."

"म्हातारा बैल वाट चुकत न्हाय की, मामा," ऐसे पूनमबाईंनी उत्तर केले.

नवी पेठेत इस्माईलभाई म्हणून वापरलेल्या फोनांचे मातब्बर सौदागर. त्यांनी चहा मागविला आणि गरुडछाप फोन मखमलीच्या तुकड्यावर ठेवून पेश केला. "देखो भाभी, झूट बोलना हमकू आताइच नै. माल पुराना है, मगर शेर है शेर." कडेला एक ओरखडा होता, तो त्यांनी अंगठ्याने झाकला होता.

मग शिवपुत्रांनी शेजारच्या दुकानातून आपल्या पसंतीचा नवा फोन पाहावयास मागून आणिला, पूनमबाईंनी काचेच्या कट्ट्यावर घोंगडी पसरिली आणि दोन्ही फोनांची झुंज लाविली. प्रथम नव्या फोनाने छायाचित्र घेतले. घोंगडी भिजल्या कोळशासारखी आली, आणि मागे उभे शिवपुत्र मात्र इतके गोरे आले, की इस्माईलभाईंनी चष्मा पुसला. मग गरुडछापाची पाळी. त्यात लोकरीचा धागा न् धागा उमटला, शेंड्याची तांबूस झाक उमटली, आणि काठास अडकलेले एक कुसळदेखील उमटले. पूनमबाईंनी पडद्यावर ते कुसळ पाहिले, मग खरे शोधून उपटिले. शिवपुत्र म्हणाले, "आयला." पक्ष बदलल्याची त्यांची एवढीच जाहीर कबुली.

परंतु म्हाताऱ्या वीराची दुखणीही म्हातारी. चहाचा पेला रिता होईतो बॅटरी निम्म्यावर आली. कंपनी सरकाराकडील नवी फर्माने, ज्यांस अपडेट म्हणतात, ती या फोनास येणे बंद जाहलेली. शिवपुत्रांनी बँकेचे ॲप चढवून पाहिले, तो ॲपाने दारातूनच परत फिरविले. "हितं पैशाची गोष्ट चालायची न्हाय," शिवपुत्र म्हणाले.

"पैशाची गोष्ट तुमच्या फोनात ठेवा. मला ह्येचं काळीज नगं, डोळं पायजेत," पूनमबाई म्हणाल्या. नवी बॅटरी सौदागरांनी आपल्या पदरची घालावी, ऐसा तह ठरला.

इतक्यात घात जाहला. इस्माईलभाईंनी फोन नव्या धनिणीच्या हवाली करावा म्हणून आतील सारे पुसून टाकिले, तो फोनाने उलट सवाल केला, की पहिल्या धन्याचा पासवर्ड सांगा, नाहीतर दार उघडणार नाही. सौदागरांचा चेहरा उतरला. फोन त्यांनी मोडनिंबच्या अभिमन्यू नामे गृहस्थाकडून घेतला होता, आणि हे कुलूप काढून घ्यायचे राहिले होते. "गलती मेरीच है, भाभी," म्हणोन त्यांनी अभिमन्यूस फोन लाविला, हकीकत सांगितली, आणि यंत्र पूनमबाईंच्या हाती दिले.

पलीकडून अगदी बारीक आवाज आला. "आता न्हाय सांगता येत. मंडळी शेजारी बसल्यात."

पूनमबाईंच्या ध्यानी सारे आले. "बाईचं नाव हाय का?"

"व्हय."

"शेजारी बसल्यात त्यांचं?"

"न्हाय न्हाय न्हाय!"

"बरं. मी नावं घेती, तुमी नुसतं व्हय-न्हाय म्हना. सोनाली? सुवर्णा? पल्लवी?" प्रत्येक नावास नकार आला. तेव्हा पूनमबाईंनी लांबलचक वेढ्याचा बेत टाकून अक्षरांवरून सुरुंग लाविला. "प पासनं? म पासनं? र पासनं?"

"व्हय," आणि मागाहून एक उसासा आला.

"रुपाली? रेश्मा?"

इतक्यात पलीकडे शेजारून एक स्त्रीचा आवाज ऐकू आला, "काय मघाधरनं व्हय-न्हाय लावलंय? कोन हाय?" आणि अभिमन्यू मोठ्याने म्हणाले, "डाळिंबाचा व्यापारी हाय गं! व्हय साहेब, व्हय, दुसऱ्या नंबरचाच माल!"

"नावाफुडं काय? येक-दोन-तीन?"

"व्हय."

रेश्मा-एक-दोन-तीन घालताच कुलूप उघडले. इस्माईलभाईंनी दोन्ही हात जोडिले, नवी बॅटरी घातली आणि वर एक कव्हरही दिले. फोन ठेवण्यापूर्वी पूनमबाई हळूच म्हणाल्या, "भाऊ, तुमचं नाव-गाव हितंच पुसलं. काळजी करू नगा." पलीकडून फक्त "लई उपकार," एवढे आले, आणि त्या आवाजात सुटकेबरोबर आणखीही काही होते, ते काय, हे पूनमबाईंनी परतीच्या वाटेत शिवपुत्रांस सांगितले नाही.

मैंदर्गीस येताच पूनमबाईंनी अंगणात उन्हाच्या तिरिपीला घोंगडी धरिली, छायाचित्र घेतले आणि मातुश्रींपुढे नेले. मल्लव्वांनी पडदा डोळ्यांजवळ धरिला, दूर धरिला, पुन्हा जवळ धरिला. "हां," त्या म्हणाल्या. "आता दिसतंय की मेंढरू." आणि उठून कोनाड्यातील चाती काढिली. तेच छायाचित्र सृष्टीबाईंस पुण्यास धाडिले, तो जबाब आला, की फारच सुंदर, गैरसमज जाहला, क्षमा असावी. परंतु मी दुसरीकडून ब्लँकेट घेतले. तथापि सोमवारी नाशकाकडील एका शिक्षिकेची मागणी आली, आणि तीत ठळक लिहिले होते, की तांबूस शेंड्याचीच द्यावी. सनगरांचा माग पुन्हा वाजू लागला.

फोनाची चर्चा गावभर जाहली. कोणी म्हणाले फसले, कोणी म्हणाले तरले. चार्जर सदैव त्याच्या पाठीस, जसा नवसाचा पोर आईच्या पदरास.

मग एके दुपारी मल्लव्वा सूत कातीत असता पूनमबाईंनी सहज त्यांच्या मुखाचे छायाचित्र घेतले आणि दाखविले. कपाळावरील गोंदण, गालावरील सुरकुत्यांच्या ओळी, पापणीचा पांढरा केस, सारे लख्ख. पूनमबाईंस वाटले, आता म्हातारी रागावणार.

मल्लव्वांच्या हातची चाती थांबली. "यव्वा," त्या पुटपुटल्या. "ही मी न्हवं. ही माजी आई हाय."

"तुमीच हाय, अत्ती."

"न्हाय गं. असंच कपाळ, हीच नजर. मला वाटायचं, मी ईसरले तिला." मग त्यांनी पडद्यावर बोट ठेविले, तो चित्र मोठे जाहले, आणि दोन डोळेच तेवढे राहिले. "तिचा फोटू कुणी काढलाच न्हाय कदी. कोन काढनार? आता घरात हाय, म्हन."

शिवपुत्रांनी दुसरे दिवशी अक्कलकोटी जाऊन ते छायाचित्र कागदावर उतरवून, चौकटीत घालून आणिले. खाली कोणाचे नाव लिहावे, यावर घरात मसलत बैसली, आणि मातुश्रींच्या हुकमाने काहीच लिहिले नाही. येणेप्रमाणे गरुडछाप जुना फोन मैंदर्गीकरांनी सर केला, आणि ज्यांचे छायाचित्र उभ्या हयातीत निघाले नव्हते, त्या थोरल्या मातुश्री लेकीच्या घरी भिंतीवर विराजमान जाहल्या. फत्ते जाहली.