माप लवूचं, ब्लाउज रसिकाचा

बायकोला काही आणायचं तर तिला विचारून आणावं, एवढी साधी गोष्ट लग्नाआधी मला कोणी सांगितली नाही. (सांगितली असेल, तर मी ऐकली नाही. सरकारी कचेरीत कारकुनी केल्यामुळे समोरचा बोलत असताना मान हलवायची आणि आत काही जाऊ द्यायचं नाही, ही सवय मला लागली आहे.)

माझी बायको रसिका देवबागात घरीच शिवणकाम करते. खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या आमच्या चिंचोळ्या गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज तिच्या मशीनखालून गेले आहेत. पण सगळ्यांची मापं घेणाऱ्या बाईचं माप घ्यायला कोणी नसतं. स्वतःच्या पाठीवर टेप धरायला गेलं की हात वर जातो आणि हाताबरोबर खांदाही जातो. एकदा तिनं मला टेप धरायला सांगितला होता. मी एका हातात टेप आणि दुसऱ्या हातात मोबाईल घेऊन उभा राहिलो आणि सेंटिमीटरची बाजू इंच म्हणून वाचून दाखवली. तेव्हापासून ती आपल्या जुन्या ब्लाउजवरून नवा कापते. जुन्यातली चूक नव्यात उतरते आणि पाठीवर चुणी पडते ती पडतेच.

यंदा मे महिन्यात तिच्या भावाचं, विनीतचं, खारेपाटणला लग्न ठरलं. रसिका करवली. माझ्या सासूबाईंनी तिला वांगी रंगाची रेशमी साडी दिली. तिच्याच पदरापलीकडे ब्लाउजचं कापड, वेगळं कुठे मिळणार नाही असं. ते कापड मांडीवर घेऊन रसिका मशीनपुढे बसली.

"माका एकदाच, माझ्या अंगार नीट बसलेलो ब्लाउज घालूचो आसा," ती म्हणाली. "एक डमी होयी होती. टाचणी लावून भोवतान फिरान बघूक मेळलां असतां."

हे ती मला म्हणाली नव्हती, मशीनला म्हणाली होती. पण मी ऐकलं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं, म्हणून त्यावर लगेच काहीतरी करून टाकायचं असं मी ठरवलं. तिला न सांगता करायचं, हेही मीच ठरवलं.

कचेरीच्या कामासाठी कोल्हापूरला जायचं होतंच. जाण्याआधी मी मोबाईलवर डमीवरचे मिळतील ते सगळे व्हिडिओ पाहिले. त्यामुळे दुकानात शिरलो तो तज्ज्ञ म्हणूनच. फायबरच्या डमीला टाचणी लावून पाहिली; टाचणी वाकली. दुकानदाराचा चेहराही जरा वाकला. मी त्याला समजावून सांगितलं की शिवणकामाला आतून मऊ आणि वरून कापडाची डमी लागते, आणि ती नेहमी एक साईज लहान घ्यायची. लहान असली तर वरून कापूस भरून अंगाबरोबर करता येते, मोठी निघाली तर काही तासून काढता येत नाही.

"बरोबर हाय," दुकानदार म्हणाला. "मग वहिनींची साईज काय?"

"मध्यम."

"मध्यम म्हणजे?"

मी दोन्ही हातांनी दाखवलं. काउंटरवरची मुलगी उठून आत गेली.

"हातानं नका दाखवू, साहेब," दुकानदार हळूच म्हणाला आणि त्याच्या अंदाजाने एक डमी बांधून दिली. ती लहान होती एवढं नक्की. कोणापेक्षा लहान, ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

एसटीत मी तिला खिडकीजवळ बसवलं होतं. फोंड्याला एक आजी चढल्या आणि कंडक्टरने मला डमीला मांडीवर घ्यायला लावलं. कणकवलीपर्यंत सबंध गाडी माझ्याकडे पाहत होती, आणि कणकवलीला जे उतरले ते खाली उभे राहून पाहत होते.

डमी घरी नेता येत नव्हती. आधी ती भरून रसिकाच्या मापाची करायची आणि मग तिच्यापुढे ठेवायची, असा माझा बेत होता. म्हणून मी ती लवूकडे नेली.

लवू माझा बालमित्र. दिवसा तो पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला होडी नेतो. (डॉल्फिन दिसले नाहीत तर पर्यटक लवूचं बोलणं ऐकून खूश होऊन परततात.) पण त्याची खरी ओळख वेगळी. आमच्याकडच्या दशावतारी नाटकांत बाईचं काम पुरुषच करतात, आणि आमच्या भागात नायिका म्हणजे लवू. रंगून, साडी नेसून तो उभा राहिला की मुंबईहून आलेले नवखे पाहुणे शेजाऱ्याला विचारतात, ही कोणाची. कापूस आणि कापड यांच्यापासून बाईचं शरीर करणारा माझ्या ओळखीत हा एकच माणूस होता. डमी भरायला याच्याइतका योग्य कोण, असं मला वाटलं. आजही हे वाक्य लिहिताना क्षणभर ते बरोबरच वाटतं, हेच माझं दुर्दैव.

"माप खंय आसा?" लवूने विचारलं.

"माप कित्याक? तू रसिकाक रोज बघतंस."

"वैनीक बघतंय, पण तशा नजरेन बघूक नाय," लवू गंभीरपणे म्हणाला. "तूच सांग कशी आसा ती."

मी विचार केला. डोळ्यांपुढे रसिका आणायचा प्रयत्न केला. मशीनवर वाकलेली पाठ दिसली, चुलीपाशी बसलेली दिसली, मासे वाटून घेताना भांडणारी दिसली. पण खांदा केवढा, पाठ केवढी, काही दिसेना.

"बरी आसा," मी म्हणालो.

"बरी म्हणजे माझ्यासारखी?"

"अंदाजान तशीच."

तिथे ते ठरलं. लवूने आधी नारळाच्या सोडणाचा काथ्या आणला, पण तो कापडातून टोचू लागला. मग मी घरून आमची सावरीच्या कापसाची एक उशी पळवून आणली. लवू कापूस पिंजून थर लावत गेला, वरून जुन्या धोतराच्या पट्ट्या आवळत गेला, सुईने टाके घालत गेला. मधूनमधून तो आरशात स्वतःकडे पाही आणि मग डमीकडे. खांद्यांवर त्याने चांगली जाड पट्टी दिली. "खांदो पडलो की साडी पडता," तो म्हणाला. पुढच्या बाजूला तर त्याने हात राखलाच नाही. उशी तिथेच संपली.

मग त्याने मला माडांच्या पलीकडे, पार बांधापर्यंत पाठवलं.

"थंयसून दिसता काय रे?"

"काय?"

"बाई!"

"दिसता."

"मगे बराबर झालां. अखेरच्या रांगेतल्या माणसाक दिसाक होया."

रसिकाचा ब्लाउज शेवटच्या रांगेतून कोणी पाहणार नव्हतं. पण हे माझ्या लक्षात यायला खारेपाटण उजाडावं लागलं.

डमी घरी नेली तेव्हा रसिका दारात थांबली. तिने डमीभोवती एक चक्कर मारली, कापडावरून हात फिरवला, टाके पाहिले.

"ही माझ्या मापाची आसा?"

"तुझ्याच."

"माझां माप तुमी घेतल्यात केवा?"

आणि इथे मी आयुष्यातलं सगळ्यात वाईट वाक्य बोललो. मी म्हणालो, "माप घेवक कित्याक होयां? इतकी वर्सां तू माझ्या डोळ्यांसमोर आसस मां."

रसिका लाजली. तिला लाजलेली मी किती दिवसांनी पाहत होतो. तिने संध्याकाळी खास माझ्यासाठी तिसरे केले आणि मी ते शिंपले, कबूल करायला लाज वाटते, आवडीने खाल्ले.

पण रसिका शिवणारी बाई. दुसऱ्या दिवशी तिने डमीला टेप लावला आणि कपाळाला आठ्या पडल्या. मग आरशापुढे उभी राहिली. मग परत डमीपुढे.

"अहो, मी एवढी झालंय?"

त्या वेळी जरी मी खरं बोललो असतो तरी निभावलं असतं. पण कालची ती लाज अजून घरात होती आणि मला ती घालवायची नव्हती.

"आरसो फक्त समोरसून दाखवता," मी म्हणालो.

तिने आरशावर विश्वास ठेवला नाही, माझ्यावर ठेवला. त्या दिवसापासून तिने भात सोडला. एक भाकरी आणि कोकमाची फुटी कढी. कढीतही नारळाचा रस घालीना. मी समोर बसून बांगड्याची आमटी ओरपायचो आणि ती माझ्या ताटाकडे न पाहता उठून डमीजवळ जायची. लग्नसराईत वाडीतल्या सगळ्यांचे ब्लाउज आधी पुरे केले आणि मग, अगदी शेवटी, तिने ते वांगी कापड कापलं. डमीवर चढवून, भोवती फिरून, एकेक टाचणी लावून, तिला हवा होता तसा. ब्लाउज डमीवर असा बसला की मीही थक्क झालो. पाठीवर एक चुणी नव्हती. तो तिने डमीवरून उतरवला आणि इस्त्री करून बॅगेत ठेवला. अंगावर घालून पाहिला नाही. "थंयच घालीन," म्हणाली.

खारेपाटणला लग्नाच्या सकाळी तिने मला आतल्या खोलीत बोलावलं. सासूबाई विमलाबाईही तिथेच होत्या. रसिका तो ब्लाउज घालून उभी होती. खरं सांगायचं तर ब्लाउज तिच्या दोन पावलं पुढे उभा होता. खांदे दंडांवर उतरले होते. पाठीत आणखी एक करवली मावली असती. त्यात भात सोडून ती वाळलेली.

"ह्यां माप कोणाचां?" तिने विचारलं. आवाज चढला नव्हता, म्हणून मी जास्त घाबरलो.

"लवूचां," मी म्हणालो.

सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

"लवू भावजींका विचारल्यात," रसिका म्हणाली. "माका विचारूक नाय. मी तर हंयच होतंय."

 

मग तिने आईचा एक जुना हिरवा ब्लाउज घातला आणि दोन्ही खांद्यांवरून पदर घट्ट ओढून घेतला. वैशाखातल्या त्या उकाड्यात सगळं लग्न तिने तसंच काढलं. फोटोवाला सांगत होता, ताई, पदर थोडा मागे घ्या. ती घेईना. मी मंडपात खुर्चीवर बसून तिच्याकडे पाहत होतो, आणि तेव्हा मला दिसलं की तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा थोडा खाली आहे. मशीनवर वाकून वाकून झाला असावा. इतकी वर्षं डोळ्यांसमोर असलेली ती गोष्ट मला तेव्हा दिसली, आणि मला फार वाईट वाटलं. जेवणात काय होतं तेही आठवत नाही. (आठवतं. पण जेवलो नाही. म्हणजे दुसऱ्यांदा वाढायला आले तेव्हा नको म्हणालो.)

घरी आल्यावर मी डमी उसवून पुन्हा नीट भरायची तयारी दाखवली. "ऱ्हवांदे," ती म्हणाली. तिने पहिल्याच दिवशी पोटभर भात खाल्ला आणि तो ब्लाउज लवूला देऊन टाकला. तो त्याला असा बसला की काही विचारू नका. हंगामाच्या शेवटच्या नाटकात त्याने तो घातला आणि लोक नायिकेच्या शोकापेक्षा ब्लाउजच्या पाठीकडे पाहत राहिले. आता दोन-तीन दशावतारी कंपन्यांच्या नायिका, मिशा काढून आणि न काढता, आमच्या ओटीवर माप द्यायला येतात. डमी त्यांच्या कामाला अगदी योग्य आहे म्हणून ती तशीच ठेवली आहे. घरात जाता-येता मला लवू दिसतो, डोकं नसलेला.

रसिका स्वतःचे ब्लाउज मात्र आता मालवणात एका टेलरबाईकडे शिवायला देते. मीच नेऊन पोचवतो. परवा गेलो तेव्हा बाईंनी कापड उलगडून विचारलं, "वैनीचो खांदो कसो घेऊ?"

मला उत्तर येत होतं. आयुष्यात पहिल्यांदा येत होतं. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाईंनी रसिकाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"तेंका काय एक विचारू नको गो," फोनमधून आवाज आला. "मी सोमवारी माप देवक येतंय. पिशवी तेवढी तेंच्याकडे परत दी. आणि येताना बांगडे हाडूक सांग." मग जरा थांबून, "नको, ऱ्हवांदे. ते लवू भावजींका विचारून हाडतले."

बाहेर माझ्या स्कूटरवर लवू बसला होता, आणि डिकीतले बांगडे त्यानेच येताना निवडून दिले होते.