धर्मा मिस्त्रीची जीभ

धर्मा मिस्त्री करंट चाखायचा. थट्टा करत नाही, खरंच चाखायचा. एक हात गाडीच्या पत्र्यावर ठेवायचा, दुसऱ्या हातातली वायर जिभेच्या टोकाला लावायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा, आचारी आमटीचं मीठ बघतो तसा. मग निकाल द्यायचा. "खणखणीत आंबट" म्हणजे बॅटरी चांगली. "ताकावरचं पाणी" म्हणजे करंट वाटेत कुठंतरी गळतोय. मी चौथीतून उठलेला आणि त्यानं तर शाळा बाहेरूनच पाहिलेली, तेव्हा व्होल्टबिल्टची भाषा आमच्यात कुणी काढत नसे. चवीवर भागायचं.

तारापूरला वीजघर बांधत होते, त्या वर्षांतली ही गोष्ट. मी बोईसर स्टेशनावरून माणसं वाहायचो, गाडी माझी स्वतःची. धर्माचं गाड्या दुरुस्तीचं छप्पर पालघरला, बोईसरच्या रस्त्यावर. माणूस घाटावरचा. बायको तिकडंच वारली, तेव्हा पोटची एक पोर घेऊन इकडं कामाला आला आणि इथलाच झाला. पण बोली बदलली नाही आणि हेकाही सुटला नाही.

जिभेला तो फार जपायचा. तंबाखू नाही, चुना नाही, चहासुद्धा कोमट करून. आमच्या भागात राहून दुपारी सुका बोंबील खात नसे, म्हणायचा, "हत्यार खराब हुतं." छपराखाली कुणी गुणगुणलेलं त्याला चालत नसे, कारण गाडीतल्या पेट्रोलच्या पंपाची टिकटिक ऐकू येत नाही. एकदा त्याला ताप आला, कडू औषध सुरू झालं आणि त्या आठवड्यात पालघरातल्या सगळ्या बॅटऱ्या नासल्या. जी वायर लावावी ती कडू. आम्ही सांगून थकलो की बाबा, कडू तुझं तोंड आहे. ऐकतोय कुठला! शेवटी ताप उतरला तेव्हा बॅटऱ्याही सुधारल्या.

वीजघरावरचा एक साहेब मीटर घेऊन आला होता. मीटरनं तेच सांगितलं जे धर्माच्या जिभेनं सांगितलं होतं. दुसरा कुणी खूश झाला असता, हा दिवसभर फुगून बसला. "मीटरलाबी कळतंय, तर मग मी कशाला?"

हे झालं हसण्यावारी नेण्यासारखं. पण त्याचा एक हेका असा होता की त्यावर कुणी हसत नसे. त्याची पोर, सुंदर, एडवणच्या एका मासेमार पोराबरोबर निघून गेली आणि त्याच्याशी लग्न करून बसली. धर्मानं भर दुपारी विहिरीवर जाऊन तिच्या नावानं आंघोळ केली. मेलेल्या माणसाची करतात तशी. त्यानंतर कुणी तिचा विषय काढला की एवढंच म्हणायचा, "आंघोळ झालीया." आणि पान्हा उचलून गाडीखाली शिरायचा. घरात चूल एका माणसाची. तीही रोज पेटत होती असं मला वाटत नाही.

त्या दिवशी माझी गाडी त्याच्याकडेच उभी होती. तिचा पेट्रोलचा पंप विजेवर चालणारा, डिकीत बसवलेला. चावी फिरवली की टिकटिक करायचा. करंट कमी पडला की टिकटिक मंदावायची, पेट्रोल पुढं पोचायचं नाही आणि उमरोळीच्या पुढं गाडी दम लागल्यासारखी उभी राहायची. धर्मानं आधी बॅटरी चाखली. आंबट. मग पंपाकडं आलेली वायर चाखली. तीही आंबट. मग त्यानं पेट्रोलनं माखलेल्या त्या पंपाच्या अंगालाच जीभ लावली आणि डोळे उघडले.

"हितं चव लागाया नको. आलेला करंट माघारी जाया वाटच न्हाई. अर्थ गेलाय."

पंपाची दुसरी वायर डिकीच्या पत्र्याला बोल्टनं कसलेली असते, तिला आम्ही अर्थ म्हणतो. तो पत्राच कुजला होता. तारापूरहून परतताना प्रत्येक जण मासळीची पाटी डिकीत टाकणार, पाटीचं खारं पाणी नेमकं त्या बोल्टावर गळणार. धर्मा मला म्हणाला, "गाडी ठेवलीस का कोळणीची पाटी?" मी म्हणालो, मासळी न्यायची नाही तर माणसानं समुद्राकडं जावं कशाला? हे मी आजही म्हणेन.

कुजका पत्रा कापायचा, चांगल्या लोखंडाला भोक पाडून नवा बोल्ट बसवायचा, अर्ध्या दिवसाचं काम. तेवढ्यात सायकलवरून धर्माचा जावई आला, घामानं निथळत. छपराच्या आत आला नाही. रस्त्यातूनच माझ्याशी बोलला.

"काका, सुंदरचं बाळंतपण अडलंय. सुईण बोलते आमच्या हातात नाय आता, दवाखान्यात न्या. तुमी गाडी काढा."

धर्मा पाठमोरा होता. वळला नाही. मी सांगितलं, बाबा, गाडी उघडून पडली आहे, वाटेत बंद पडली तर पोरगी रस्त्यात जायची. दुसरी गाडी बघ. दुसरी गाडी कुठून आणणार, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. तो तसाच सायकल धरून उभा राहिला.

मग धर्मा पाठमोराच बोलला. "गाडी चालंल. मी मागं बसतो."

मी म्हणालो, वायर बांधून टाक ना. तर म्हणाला, बांधलेली खड्ड्यात सुटंल, हातानं दाबून धरायला पायजे. त्यानं डिकीतल्या चांगल्या लोखंडाचा एक कोपरा घासून पांढरा केला, तिथं वायर अंगठ्यानं दाबली आणि त्या कुजक्या मासळीच्या वासात गुडघे पोटाशी घेऊन बसला. "झाकण लाव. अन् मी हाय म्हणून बोलायचं न्हाई. कुणालाच."

जावयाला शपथ घालून गप्प केलं. एडवणला पोचलो. सुंदरला चार बायकांनी उचलून मागच्या सीटवर ठेवली. तिचं डोकं होतं तिथून बाप एका पाठीच्या अंतरावर. मधे नुसती सीट.

पालघरपर्यंत ती ओरडत होती. बायका अशा वेळी आईचं नाव घेतात. ही म्हणत होती, "आबा, आबा गं." मधे एक मोठा खड्डा आला, गाडी आचके द्यायला लागली आणि मला वाटलं, संपलं, हात सुटला. तिनं पुन्हा हाक मारली. गाडीनं एकदम वेग घेतला. पाठीमागून टिकटिक येत होती, एकसारखी.

पोर वाचली. मूल वाचलं नाही. मुलगा होता.

सुंदरला दवाखान्यात वर नेण्याच्या धावपळीत डिकी तशीच राहिली होती, ती मी आता खाली येऊन उघडली. धूर आत शिरल्यामुळं तो खोकत होता. अंगठा सरळ होईना, वायर मांसात रुतली होती. मी त्याला काय झालं ते सांगितलं. ऐकून घेतलं आणि अंगठा चोळत राहिला.

मी पुन्हा वर गेलो. त्यानं बजावलं होतं तरी मी सुंदरला सांगितलंच. मला कुणी गप्प बस म्हटलं की मी बोलतो, हा माझा स्वभाव. सुंदर भिंतीकडं तोंड करून पडली होती. म्हणाली, "मला ठाऊक व्हतं. आबांचा खोकला मला ठाऊक न्हाई का? मागं हायत म्हणून तर हाका मारत व्हते."

हे मी खाली येऊन त्याला जसंच्या तसं सांगितलं. म्हणालो, धर्मा, एकदा तरी ओ द्यायचीस.

त्यानं दवाखान्याच्या दाराकडं बघितलं.

"हात गुंतलेला व्हता," म्हणाला.

मी म्हणालो, आता तर मोकळा आहे ना? चल वर. जाऊन पायरीवर बसला. दिवेलागणीला मी बोईसरची माणसं आणायला निघालो तेव्हा तिथंच होता. वर गेला नव्हता आणि घरीही गेला नव्हता.