नवरदेवाचं न झालेलं ऑपरेशन

चुलीतल्या विस्तवाची आण, अंगणातल्या तुळशीची आण, आता जे सांगते त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. एक अक्षर खोटं निघालं तर उद्यापासून माझी एकसुद्धा नागलीची भाकर तव्यावर फुगू नये. याहून मोठी शपथ बाईमाणसाला येत नाही. तर ऐका.

साखरशेतच्या उमेशचं लग्न पंधरवड्यावर आलं होतं. कपडे शिवून झाले, बँड ठरला, मांडवाच्या मेढी तोडून आणल्या. राहिला फक्त गॉगल. आमच्या जव्हार-मोखाड्यात नवरदेव एक वेळ उपाशी उभा राहील, पण गॉगलशिवाय राहणार नाही. हळदीच्या खुर्चीत बसायचं, काळा गॉगल लावायचा आणि करवल्यांनी कितीही गुदगुल्या केल्या तरी हसायचं नाही. त्यात उमेश पंचायत समितीत कारकून. रोज फटफटीवरून जव्हारला ये-जा. धुळीने आणि उन्हाने त्याचे डोळे संध्याकाळपर्यंत चुरचुरायचे. म्हणून त्याने ठरवलं, लग्नात मिरवता येईल आणि पुढे डोळेही वाचवील असा एकच गॉगल घ्यायचा.

बरोबर भागी आत्या निघाली. "याला एकट्याला धाडला तर हा पोरींचा उचलून आनेल," ती म्हणाली. आत्या फटफटीवर बसत नाही, तेव्हा दोघं जीपने गेले.

जव्हारला इदरीसभाईंचं चष्म्याचं दुकान. त्यांनी उमेशला स्टुलावर बसवला आणि आधीच बजावलं, "उमेशभाई, गॉगल डोळ्याने घ्यायचा नसतो, नाकाने घ्यायचा असतो. नाकावर बसला तर तुमचा, घसरला तर माझा."

पहिला निघाला सोनेरी काड्यांचा, थेंबासारख्या काचांचा.

"मान खाली घाला," इदरीसभाई म्हणाले. "नवरदेवाला अख्ख्या गावाच्या पाया पडायचंय."

उमेशने मान घातली. गॉगल सुटला तो थेट आत्याच्या पिशवीत, मेथीच्या जुडीवर.

दुसरा गोल. "नको, नको," आत्या ओरडली. "गोल तोंडावर गोल काचा. तव्यावर दोन वाट्या ठेवल्यासारखा दिसतो."

तिसऱ्याच्या काचा आरशासारख्या. उमेशने तो लावला आणि आत्याकडे वळून विचारलं, "कसा आहे?" आत्याला त्यात स्वतःचंच तोंड दिसलं. तिने कुंकू नीट केलं, केस मागे घेतले, पदर सारखा केला आणि म्हणाली, "ब्येस हाय. पन जरा हलू नको."

तोही गेला परत. शेवटी आत्या म्हणाली, "भाई, तू आपला सगल्यात काला दे. जितका काला तितका थंड."

"इथंच फसतात सगळे, आत्या," इदरीसभाई म्हणाले. "नुसती काळी काच म्हणजे नुसता अंधार. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि मग दार उघडंच मिळाल्यासारखं ऊन आत घुसतं. काचेने ऊन अडवलं पाहिजे. हे बघा." त्यांनी एक निळी बत्ती काढली आणि नोटेवर धरली. नोटेतला धागा भुतासारखा चमकला. मध्ये गॉगलची काच धरली, चमक गायब. आत्याने हा खेळ त्यांना इतक्यांदा करायला लावला की बत्तीच विझत आली.

अखेर पसंत पडला तो चौकोनी, रुंद, काळाभोर, डोळ्यांच्या बाजूही झाकणारा. धूळ नाही, झळ नाही, मान हलवली तरी जागचा हलत नाही. उमेशने आरशात पाहिलं आणि त्याला पाठीमागे बँडच ऐकू यायला लागला. तो म्हणाला, "बांधू नका. घालूनच जातो."

एक गोष्ट मात्र दोघांनाही सुचली नाही. डोळ्यांच्या शिबिरात मोतीबिंदू काढल्यावर म्हाताऱ्यांना जो गॉगल देतात ना, तो दिसायला अगदी असाच असतो.

जीप भरत आली होती. आत्याचे गुडघे दुखतात, म्हणून चढताना तिने उमेशचा हात घट्ट धरला. आत साखरशेतचीच रखमी बसली होती. तिने पाहिलं: उमेश, काळा गॉगल, आणि आत्या त्याला हाताला धरून आणते आहे. रखमीच्या काळजात चर्र झालं. तिचा सासरा गेल्याच साली असाच आला होता. पण लग्नाच्या तोंडावर असलं काही तोंडावर विचारायचं नसतं, एवढी रीतभात रखमीला आहे. ती गुपचूप उठली.

"तू बस, बाबा. खिडकीत बस. वारा लागू दे."

बाकीच्यांनीही पाय आवरले. कोणीतरी ड्रायव्हरला सांगितलं, "हलू चालव रे, पेशंट हाय." ड्रायव्हरने मग अशी जीप चालवली, अशी चालवली, की चढावर एक म्हैस जीपच्या पुढे निघून गेली आणि वळणावर उभी राहून वाट बघत होती.

उमेशला 'पेशंट' ऐकू आलं, पण ते कोणा मागच्या बाईबद्दल असेल असं त्याला वाटलं. तो मनात म्हणाला, बघा, फटफटी घेण्याआधी चार वर्षं या जीपने गेलो, मांडी टेकायला जागा मिळाली नाही. गॉगलचा रुबाबच वेगळा!

दुसऱ्या दिवशी सकाळपासून घरी माणसं यायला लागली. कोणी नारळ आणला, कोणी पपई, कोणी गाजरं. बायका आत्याला हळूच सांगून जात, "चुलीचा धूर त्याच्याकडं जाऊ देऊ नको गो." आत्याला वाटलं, नवरदेवाचं केळवण सुरू झालं. ती सगळ्यांना चहा पाजत राहिली.

दुपारी जयवंतीचा फोन आला. ही उमेशची होणारी बायको, मोखाड्याकडची, अंगणवाडीत शिकवते. रखमीचं माहेर तिच्याच गावात. आता कळलं ना, पुढे काय झालं ते?

"खरं सांगा," जयवंती म्हणाली, "एकच डोळा की दोन्ही?"

"दोन्ही काय?"

"ऑपरेशन."

"अहो, कसलं ऑपरेशन? गॉगल घेतलाय हळदीसाठी!"

"मला पटतंय हो. मामाला कोण पटवणार? तो म्हणतो, जवान पोराला मोतीबिंदू, म्हणजे घराण्यातच खोट. उद्या सकाळी येतोय तुमचे डोळे तपासायला. पास झालात तर लग्न, नाही तर मांडवाच्या मेढी परत जंगलात." मग तिचा आवाज खाली आला. "बाबा गेल्यापासून मामानेच सगळं केलंय. तो नाही म्हणाला तर आईचं काही चालणार नाही. आणि माझं... मला तुम्हीच पाहिजे. तेवढं पास व्हा."

उमेशला घाम फुटला. तो तसाच अंगणात गेला, गॉगल काढला आणि जमलेल्या बायकांसमोर डोळे वटारून उभा राहिला. "बघा! नीट बघा! ऑपरेशन नाही, काही नाही! हा नुसता गॉगल आहे!"

"पहिल्यांदा सगले असाच बोलतात," रखमीची सासू माघी म्हातारी म्हणाली. ती जवळ आली, डोळ्यांत वाकून बघितलं. "काच चांगली बसवलीन हो डाक्तरान. दिसूनच येत नाय." आणि कोणाला काही कळायच्या आत तिने पदराखालून वाटी काढली आणि औषध म्हणून जंगलच्या मधाचं एकेक बोट दोन्ही डोळ्यांत फिरवलं.

उमेश जो किंचाळला, तो म्हणे शिरपामाळावर ऐकू गेला. तिथे फिरायला आलेल्या लोकांनी वाघ समजून गाड्या सुरू केल्या.

सकाळपर्यंत त्याचे डोळे पळसाच्या फुलांसारखे लालभडक झाले आणि पुरीसारखे सुजले. आता गॉगल काढून दाखवायची सोयच राहिली नाही. काढला तर लग्न मोडणार, घातला तर समोरचं धड दिसत नाही. तो ओटीवर घामाघूम होऊन बसला.

जयवंती स्कूटीवरून आली, मागे तुका मामा. एके काळी हाच मामा मोखाड्याच्या घाटात बुलेट उडवायचा. हल्ली म्हणे बुलेटला मायलेज नाही म्हणून चालवत नाही. उतरला, मिशीवरून हात फिरवला आणि सरळ अंगणातल्या दोरीकडे गेला. दोरीवर उमेशचा धुतलेला सदरा वाळत होता.

"राम राम, पाव्हनं!" मामा सदऱ्याला म्हणाला.

वारा आला, सदऱ्याने बाही हलवली. मामा खूश झाला. आत्या म्हणाली, "या, या, इकडं वरती या," तसा मामा आवाजाच्या दिशेने वळला. उमेशला वाटलं, माणूस पक्का आहे, आधी आपल्याला घाबरवतोय.

मामा ओटीवर टेकला. खाकरला. "आमाला बाकी कायपन नको. शेती नको, नोकरी नको. डोले पायजेत. त्या समोरच्या बांधावर काय हाय, सांगा बघू."

उमेशने गॉगलआडून, सुजेच्या फटीतून पाहिलं. दोन धुरकट ढिगारे. पिवळसर. मोठे. देवाचं नाव घेतलं आणि म्हणाला, "दोन बैल."

आत्याने तोंडावर पदर धरला. बांधावर बैल कुठले? पेंढ्याच्या दोन उडव्या होत्या. सगळं संपलं.

मामाने मान लांब केली. डोळे बारीक केले. बराच वेळ बघत राहिला. मग उमेशच्या मांडीवर थाप मारली. "शाबास! दोनच बैल!"

जयवंतीने एकदा उडव्यांकडे पाहिलं, एकदा मामाकडे, आणि गोड आवाजात विचारलं, "मामा, रंग कोणता हो त्यांचा?"

"येक पांढरा, येक तांबूस."

"आणि करतायत काय?"

"चरतात! बैल आनखी काय करनार? तांबूस जरा मारका दिसतो."

आता आत्याचं हसू पदरातून फुटलं. जयवंती मामाजवळ जाऊन बसली. "मामा, त्या पेंढ्याच्या उडव्या आहेत."

मामाचा चेहरा पडला. मिशी आपोआप खाली आली. "कवापासून?" त्याने विचारलं.

"त्या पहिल्यापासून उडव्याच आहेत. तुम्हाला दिसत नाही कधीपासून, ते सांगा."

मामाने इकडेतिकडे पाहिलं, म्हणजे मान फिरवली. मग हळूच म्हणाला, "झाला वरीस. मानूस चपलीच्या आवाजावरून वलखतो. बुलेट म्हनून दिली सोडून. शिबिरवाली दोनदा येऊन गेली, मी रानात पलून गेलो. डोल्यात सुई घालतात, पोरी. मला नाय जमनार. तुझ्या लग्नात तुझा तोंड दिसनार नाय, हेच काय ते वाईट वाटतं."

जयवंतीचे डोळे भरून आले. मामा उमेशकडे सरकला आणि त्याचा हात धरला.

"जावयबापू, तुमचा झालाय. खरा सांगा. दुखतं का?"

उमेशने तोंड उघडलं. काल दिवसभर तो घसा फोडून सांगत होता, ऑपरेशन झालं नाही, झालं नाही, झालं नाही. आता मामाच सगळ्यांदेखत विचारत होता. एक शब्द आणि घराण्यावरची खोट पुसली जाणार होती. त्याने जयवंतीकडे पाहिलं. ती धुरकटच दिसत होती, पण बघत त्याच्याकडेच होती.

"अजिबात नाही, मामा," उमेश म्हणाला. "मुंगी चावते ना, तेवढंसुद्धा नाही. सकाळी गेलो, दुपारी जीपने घरी. वर खिडकीची जागा मिळते."

"आन् सुई?"

"दिसतच नाही. दिसत असतं तर ऑपरेशन कशाला केलं असतं?"

मामा खो खो हसला. "हा मुद्दा हाय!"

आणि गेला की हो मामा! त्याच आठवड्यात, जयवंतीच्या स्कूटीवर बसून. तेव्हापासून उमेशचं ऑपरेशन कायमचं पक्कं झालं. पार वांगणीपासून म्हातारेकोतारे त्याला भेटायला कचेरीत येतात. तो प्रत्येकाला मुंगीची गोष्ट सांगतो आणि शिबिराची तारीख कागदावर लिहून देतो.

हळदीला उमेश खुर्चीत बसला. गॉगलमध्ये असा राजबिंडा दिसत होता की करवल्या गुदगुल्या करायच्या विसरून बघतच राहिल्या. मांडवाच्या कडेला, धुरापासून लांब, मामा बसला होता, अगदी तसाच गॉगल लावून. जयवंतीला बघून त्याचं पोट भरलं. मग तो उठला, नवरदेवासमोर आला, गॉगल कपाळावर चढवला आणि नव्या डोळ्याने उमेशला पहिल्यांदाच वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आणि गॉगल परत डोळ्यांवर ओढून घेतला.

"काय झालं, मामा?" जयवंतीने विचारलं.

मामाने सुस्कारा सोडला. "काय नाय, पोरी. ऑपरेशन म्हयनाभर आधी करायला पायजे होता."

सगळा मांडव हसला. सगळ्यात जास्त नवरदेव हसला, रीत मोडून.

बरं, आता घरी जाताना मनात काही ठेवून जाऊ नये म्हणून सांगते. म्हैस खरी, बैल खरे, सदऱ्याचा राम रामसुद्धा खरा. तो गॉगलमध्ये राजबिंडा दिसत होता, एवढंच मी पदरचं घातलं.