हिरव्या छत्रीचा शेवट

तेंडोलकर वाचनालयातून पुस्तक घेताना ते प्रथम शेवटून उघडीत, आणि तेही डोळे घट्ट मिटून. मग ग्रंथपाल बाईंपुढे ते धरून म्हणत, "शेवटचं पान आहे का बघा. मनात वाचा. तोंडातून शब्द काढलात तर याद राखा." बाई निमूटपणे वाचून मान डोलावीत. मिटल्या डोळ्यांना मान दिसत नसे, म्हणून तेंडोलकर पुन्हा खेकसत. मागची रांग जिन्यापर्यंत जाई.

मुलुंडला आमच्या सोसायटीत ते माझ्या शेजारी राहत. संतापाखेरीज मी त्यांना क्वचितच पाहिले. दुधाच्या बाटल्या उशिरा आल्या, तरी "हा दरोडा आहे." दिवे गेले, तरी "हा दरोडा आहे." परंतु त्यांच्या लेखी खरा दरोडेखोर एकच: वाचनालयाच्या पुस्तकाची पाने फाडणारा. "त्याला फाशी नको, मास्तर. त्याला रोज एक रहस्यकथा द्यावी, शेवट फाडून. जन्मभर."

यामागचे कारण त्यांनी मला एकदा जिन्यातच सांगितले, आणि तेही जणू ती पाने मीच फाडली असावीत अशा आवाजात. लग्न नवे होते. लालबागच्या एका खोलीत ते रोज संध्याकाळी पत्नीला, म्हणजे सुमनताईंना, 'हिरव्या छत्रीचा मालक' ही रहस्यकथा मोठ्याने वाचून दाखवीत. लेखकाचे नाव 'त्रिनेत्र'. एका सावकाराचा खून झालेला. गुप्तहेर सर्वांना दिवाणखान्यात बसवतो, घसा खाकरतो, आणि तेथेच पुस्तक संपले. पुढची पाने कोणीतरी फाडून नेली होती.

तेंडोलकर म्हणाले, खुनी धाकटा भाऊ. सुमनताई म्हणाल्या, डॉक्टर. दुसरी प्रत कुठेही मिळाली नाही आणि तो वाद संसारभर पुरला. अखेरच्या आजारात इस्पितळातले डॉक्टर तपासून गेले, की सुमनताई हळूच म्हणत, "बघितलंत ना? मी सांगत होते."

त्या गेल्यानंतर काही काळाने वर्तमानपत्रात बातमी आली. ज्यांच्या कादंबऱ्या मी विद्यापीठात भक्तिभावाने अभ्यासल्या, ते थोर साहित्यिक म्हणजेच तरुणपणीचे 'त्रिनेत्र'. कुणाच्या तरी ट्रंकेत एक प्रत सापडली होती आणि दादरचे एक प्रकाशक ती नव्याने छापणार होते. साहित्यिकांनी मात्र मुलाखतीत म्हटले होते, की ते पुस्तक हे तारुण्यातले पाप आहे. वाचकांनी क्षमा करावी.

"पाप?" तेंडोलकरांनी वर्तमानपत्राची सुरळी केली. "नंतर लिहिलं ते पाप. तीस पानं झाली तरी माणूस आपला खिडकीतच उभा. इथे तीस पानांत दोन मुडदे पडतात."

मी भीत भीत अंतर्मनाविषयी काही बोललो.

"अंतर्मन गेलं खड्ड्यात. छत्री कोणाची, ते सांगा."

पुस्तक दिवाळीला येणार होते, ते गुढीपाडव्यावर गेले. मग कागद मिळेना. मग एका विद्वानांची प्रस्तावना अडली. तेंडोलकर दर शनिवारी दादरला जाऊन प्रकाशकांशी भांडून येत. "गुप्तहेर कधीचा घसा खाकरून बसलाय, आणि हा प्रस्तावना लिहितोय. हा दरोडा आहे."

अखेर एका रविवारी दुपारी त्यांनी मला घरी बोलावले. नवी प्रत मांडीवर होती. प्रस्तावनेची जोडलेली पाने कापलेलीसुद्धा नव्हती. बाकीचे सारे ते घसा खाकरण्यापर्यंत वाचून बसले होते. मला पाहताच त्यांनी डोळे मिटले आणि पुस्तक पुढे केले.

"शेवट आहे का बघा. मनात."

मी वाचले. खुनी धाकटा भाऊ नव्हता आणि डॉक्टरही नव्हता. छत्री वकिलाची होती.

"आहे?"

"आहे."

"पुरा?"

"पुरा आहे."

आता तेंडोलकर डोळे उघडतील, अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी हात पुढे केला. "घसा खाकरतो, तिथे माझं बोट ठेवा."

मी ठेवले. तेथून पुढची सर्व पाने त्यांनी एका ओढीत, मुळापासून फाडली. आयुष्यभर ज्याला शिव्या घातल्या, तेच कृत्य त्यांनी मिटल्या डोळ्यांनी उरकले.

"ही घेऊन जा. मेलात तरी बोलू नका." मग त्यांनी डोळे उघडले आणि पुस्तक बंद केले.

पानांची घडी खिशात घालून मी बाहेर पडलो. चपला पायात सरकवीत असतानाच दाराआडून त्यांचा तो नेहमीचा चिडका आवाज आला.

"डॉक्टर काय, डॉक्टर? अगो, त्या रात्री डॉक्टर गावातच नव्हता. आत्ताच पुन्हा वाचलं."

मग आवाज थांबला. समोरच्याला उत्तर द्यायला लागतो, तेवढाच वेळ.

"ते काही नाही," तेंडोलकर खेकसले.