दार म्हणजे कपाळ

धर्मग्रंथात जे जे सांगितलं आहे ते सगळं आपल्या आतच घडतं, हे एकदा मान्य केलं की माणसाची पायपीट पुष्कळ वाचते. अंतरार्थ मंडळाची उभारणी याच पायावर झाली होती. अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य होते. (दात बाहेर दिसला तरी दुखणं मुळाशी असतं, हे त्यांना धंद्यातच कळलं होतं.) ग्रंथातला समुद्र म्हणजे मन, गाढव म्हणजे संशय आणि भुकेला म्हणजे आपलीच दुबळी श्रद्धा, असं त्यांनी ठरवून दिल्यापासून बावीस सभासदांनी मिळून एकाही भुकेल्याला जेवू घातलं नव्हतं. तरी वार्षिक अहवालात अन्नदान तिपटीनं वाढलं होतं.

बेबीताई कपडे शिवायच्या. आईच्या शिलाई मशीनवरून थोरल्या भावाशी बिनसलं, त्याला नऊ वर्षं झाली होती. ‘रुसलेल्या भावाच्या दारी चालत जा,’ या वचनापाशी आल्या की त्यांना रडू फुटायचं. शेवटी त्यांनी मंडळात विचारलं.

“भाऊ म्हणजे आपला अहंकार,” अध्यक्ष म्हणाले. “आणि दार म्हणजे कपाळ.”

“आणि चालत जायचं ते?”

“डोळे मिटून.”

तेव्हापासून ताई रोज सकाळी सात ते सव्वासात भावाकडे जाऊन यायच्या. तो जवळ घ्यायचा, मशीनचं नावसुद्धा काढायचा नाही. नोंदवहीत असे दोनशे अकरा समेट जमा होते. (भावाला कळवण्याचं कारण नव्हतं; तो या प्रकरणात पक्षकार नव्हता.)

मग वहिनीचा फोन आला. “बेबी, ह्यांचं शुक्रवारी हृदयाचं ऑपरेशन आहे. सारखं तुझंच नाव घेतायत. ये गं.”

गुरुवारी ताईंनी चपला घातल्या. पण त्या दिवशीची बैठक नेमकी त्यांच्याच घरी होती, आणि सातजण जमलेही होते.

“चप्पल ही बाह्यवृत्ती,” अध्यक्ष म्हणाले. “आधी आतली भेट पक्की होऊ द्या. मग बाहेरची लागतच नाही.”

ताईंनी चपला काढल्या. सगळ्यांनी डोळे मिटले.

दहाव्या मिनिटाला बेल वाजली. पुन्हा वाजली.

“बेबी, मी दादा. उघड ना. दवाखान्यात भरती व्हायला जाता जाता तीन जिने चढून आलोय गं.” धापसुद्धा ऐकू येत होती.

ताईंच्या अंगावर काटा आला.

“ऐकताय ना?” अध्यक्ष कुजबुजले. “याला म्हणतात सिद्धी. हलू नका, मोडेल.”

कोणी हललं नाही. ताईंचे गाल ओले झाले होते. नऊ वर्षांत दादा इतका जवळ आलाच नव्हता. थोड्या वेळानं पावलं खाली उतरत गेली, मधेमधे थांबत. भेट प्रथम श्रेणीत नोंदवण्यात आली.

शुक्रवारी दुपारी वहिनीचा दुसरा फोन आला. बोलणं संपल्यावर ताई उठल्या, दार सताड उघडलं आणि रिकाम्या जिन्याकडे बघत उंबऱ्यातच बसल्या. (या भेटीची नोंद नाही.)

वाचकहो, बेल वाजली तेव्हा तुम्ही मनातल्या मनात धावत जाऊन ते दार उघडलंत, हे मंडळाच्या लक्षात आलं आहे. तुमचंही कोणी कुठे वाट बघत असेल, त्याच्याकडेही तुम्ही असेच अनेकदा जाऊन आला आहात. वेगळा अर्ज करण्याची गरज नाही. तुमचं सभासदत्व जुनंच आहे.